पार्सल एक, कायदे तीन

मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या घरात असतो. तरीही जठारपेठेत आणि तिकडे अमरावतीच्या राजापेठेत पार्सलं दारात येतच राहतात. ती आणणारी माणसं साधारण तीन प्रकारची. टपाल खात्याचा पोस्टमन किंवा ग्रामीण डाकसेवक. कुरिअर कंपनीचा, बहुधा कंत्राटदारामार्फत लागलेला पगारी नोकर. आणि ॲपवर नाव नोंदवून स्वतःच्या गाडीवर, स्वतःच्या पेट्रोलवर, पार्सलमागे ठरलेल्या दरानं फिरणारा ‘डिलिव्हरी पार्टनर’. ऊन तेच, रस्ता तोच. कायद्याच्या लेखी मात्र तिघांच्या जाती वेगळ्या.

पगारी नोकराचा हिशेब सरळ आहे. वीस किंवा त्याहून जास्त माणसं असली की भविष्यनिर्वाह निधी लागू होतो, दहा असली की राज्य कामगार विमा. पंधरा हजार वेतनावर मालकाला निधीचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये आणि विम्याचे ३.२५ टक्के म्हणजे ४८७.५० रुपये भरावे लागतात. एका माणसामागे महिन्याला जवळजवळ २,३०० रुपये. तेच काम ‘पार्टनर’कडून करून घेणाऱ्या कंपनीला हा खर्च नाही. म्हणजे नियमानं वागणारा कुरिअरवाला दर लावतानाच मागे पडतो. अशी स्पर्धा चांगल्या सेवेची उरत नाही, कामगाराची जबाबदारी कोण टाळतो याची होते.

टपाल खात्यातही सगळे सारखे नाहीत. मेळघाटातल्या गावांत टपाल पोचवणारा ग्रामीण डाकसेवक नागरी पदावर आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्येच सांगितलं. पण तो नियमित सेवेच्या बाहेर आहे. त्याचं काम चार-पाच तासांचं धरलं जातं. २०१८ च्या सुधारणेत डाकसेवकाचा मूळ मोबदला चार तासांना १०,००० आणि पाच तासांना १२,००० रुपये ठरला. शेजारच्या खुर्चीवरच्या नियमित कर्मचाऱ्यासारखी वेतनश्रेणी त्याला नाही.

आणि पार्टनर? सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. तिनं ‘गिग कामगार’ कायद्यात आणला, कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कल्याणनिधीत द्यावी असं ठरवलं; कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्के ही त्याची कमाल मर्यादा. पाऊल स्वागतार्ह आहे. पण व्याख्येतच त्याला मालक-नोकर नात्याबाहेर ठेवल्यामुळे किमान वेतन आणि ग्रॅच्युइटीचा हक्क त्याच्यापर्यंत पोचत नाही.

एकाच कामाला वेगळे कायदे, हा पेच आपल्यापुरता नाही. अमेरिकेत यूपीएस आणि फेडेक्स या दोन कुरिअर कंपन्या. यूपीएसचे कामगार १९३५ च्या सर्वसाधारण कामगार संबंध कायद्याखाली येतात. फेडेक्सची एक्सप्रेस सेवा विमानातून सुरू झाली म्हणून तिचे कामगार १९२६ च्या रेल्वे कामगार कायद्याखाली. पहिल्यात एकेका केंद्रावर संघटना बांधता येते, दुसऱ्यात देशभरची एकदम बांधावी लागते. हा फरक मिटवण्याची तरतूद २००९ मध्ये तिथल्या कनिष्ठ सभागृहानं मंजूर केली, पण कायद्यात ती उतरली नाही.

आपल्याकडे मात्र उत्तराची वाट विदर्भातूनच निघालेली आहे. नागपूरच्या एका विडी कारखान्यातले कामगार नगावर मजुरी घेत आणि हवं तेव्हा येत-जात. मालक म्हणे, हे आमचे नोकर नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्ये निकाल दिला की हजेरी मालक घेतो, दुपारनंतर आलेल्याला काम देत नाही, वाईट विडी नाकारतो. म्हणून हे कामगारच. पुढे १९६६ च्या कायद्यानं घरी विड्या वळणाऱ्यांनाही संरक्षण दिलं. आज रेटिंग, ठरलेला मार्ग आणि आयडी बंद करण्याची सत्ता ज्याच्या हातात आहे, त्याचं नियंत्रण त्या विडी मालकापेक्षा सैल कसं म्हणायचं?

कंपन्या म्हणतात, पोरांनाच मोकळीक हवी असते. खरं आहे. घरी कोरडवाहू शेती आणि हातात पदवी असलेल्या वऱ्हाडातल्या तरुणाला आपल्या सोयीची वेळ मोलाची वाटते. पण त्या मोकळिकीची किंमत म्हणून अपघातानंतरचा दवाखाना त्यानं एकट्यानं का सोसावा? आज एका तर उद्या दुसऱ्या व्यापाऱ्याचा माल उचलणाऱ्या हमालांसाठी महाराष्ट्रानं १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. व्यापारी मजुरीसोबत लेव्ही मंडळात भरतो आणि मंडळ निधी, ग्रॅच्युइटी, सुट्टीचे पैसे सांभाळतं. मालक अनेक असले तरी हक्क एकाच ठिकाणी जमा होतात.

राजस्थाननं २०२३ मध्ये आणि कर्नाटकनं २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी स्वतंत्र कायदे केले. माथाडी कायदा करणाऱ्या महाराष्ट्रानं एक पाऊल पुढे जावं: प्रत्येक पार्सलमागे लेव्ही, किमान दर आणि अपघात विमा, आणि हे सगळ्या कंपन्यांना सारखं. मग जी कंपनी जिंकेल ती आपल्या कामावर जिंकेल.