प्रवासातील बिनतारी दुवा

दूरच्या प्रवासास निघणारा मनुष्य पूर्वी शिदोरी आणि अंथरूण-पांघरूण यांची तजवीज करी. आज त्यास इंटरनेटचीही तजवीज करावी लागते. डोंगराळ मुलखात निघालेल्या एखाद्या फिरत्या आरोग्यपथकाचा विचार करावा. पथकातील चौघांस रुग्णांच्या नोंदी धाडावयाच्या आहेत, एका रुग्णाच्या हृदयाचा आलेख जिल्हा रुग्णालयातील तज्ज्ञास तत्काळ दाखवावयाचा आहे, आणि तारेची जोडणी तर जवळपास नाही. अशा वेळी तळहातावर मावणारी एक लहानशी पेटी त्या सर्वांची गरज भागवू शकते. ती म्हणजे फिरता बिनतारी राउटर.

दोन टप्प्यांचे दळणवळण

या पेटीत दोन निरनिराळी रेडिओ-यंत्रे नांदत असतात. पहिले यंत्र सिमकार्डाच्या साहाय्याने मोबाइल मनोऱ्याशी संधान बांधते. हा मनोरा काही किलोमीटर दूरही असू शकतो. दुसरे यंत्र वाय-फाय लहरींच्या द्वारे जवळच्या फोनांशी व संगणकांशी संपर्क ठेवते. त्याचा पल्ला काही मीटरांचाच असतो. या लहरी सेकंदास सुमारे २४० कोटी किंवा ५०० कोटींहून अधिक कंपने पावतात. पहिल्या प्रकारात लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर भरते, तर दुसऱ्यात ती सहा सेंटिमीटरांच्या आसपास असते.

याहूनही आखूड, काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यास प्रयोग केले होते. १८९५ साली त्यांनी भिंतींपलीकडे लहरी धाडून घंटा वाजवून दाखविली. भारतात २४० कोटी कंपनांच्या पट्ट्यातील अल्पशक्तीची साधने २००५ पासून परवान्यावाचून वापरता येऊ लागली.

फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या वाय-फायच्या कमानी केवळ दुसऱ्या टप्प्याचे बळ दर्शवितात. म्हणून सर्व कमानी उजळलेल्या असूनही एक अक्षर पुढे सरकत नाही, असा अनुभव येतो. दोष बहुधा पहिल्या टप्प्यात असतो. त्याची पारख राउटरवरील दर्शकावरूनच होते.

अडथळे व उपाय

धातू रेडिओलहरींना परतवून लावतो. रेल्वेच्या पोलादी डब्यात त्या मुख्यतः खिडक्यांतूनच शिरतात. तेव्हा राउटर सामानाच्या पेटीत न ठेवता खिडकीशी ठेवावा. खडक तर त्यांना शोषूनच घेतो. कोकण रेल्वेवरील करबुडे बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटर लांब आहे. एवढ्या लांब बोगद्यात आतूनच लहरी पुरविण्याची व्यवस्था नसेल, तर राउटर निरुपयोगी ठरतो. जेथे मनोऱ्याची लहर पोहोचत नाही, तेथे ही पेटी स्वतः इंटरनेट निर्माण करू शकत नाही. यास्तव नकाशे व आवश्यक कागदपत्रे आधीच उतरवून घ्यावीत. सिमकार्ड निवडताना ज्या कंपनीचे मनोरे त्या मार्गावर आहेत तिचेच निवडावे. घरी उत्तम चालणारे कार्ड तेथे चालेलच असे नाही.

पत्ता आणि किल्ली

मनोऱ्याच्या बाजूने राउटर सामान्यतः एकाच पत्त्यावर ओळखला जातो. वाड्याच्या देवडीवर आलेली पत्रे पहारेकऱ्याने ज्याची त्यास पोहोचवावी, तद्वत तो येणारी माहिती योग्य यंत्राकडे वळवितो. मात्र वेग सर्वांत वाटला जातो. एकाने चित्रपट लावला की दुसऱ्याचा हृदयालेख खोळंबतो.

देवडीचे दार उघडे ठेवणे धोक्याचे असते. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द प्रथम बदलावा आणि डब्ल्यूपीए-२ किंवा २०१८ साली आलेली डब्ल्यूपीए-३ ही सांकेतिक संरक्षणपद्धती निवडावी. असे न केल्यास रुग्णांची गुप्त माहिती परक्याच्या हाती पडण्याचा संभव असतो.

राउटरची लिथियम बॅटरी उष्णतेने लवकर झिजते. म्हणून तो उन्हात तापलेल्या मोटारीत ठेवू नये. विमानप्रवासात सुट्या बॅटऱ्या व पॉवर बँक हातातील सामानातच न्याव्या लागतात.

अखेर एक मर्यादा विसरता कामा नये. असे अनेक राउटर केवळ माहितीची ने-आण करतात. त्यांवरून दूरध्वनी लावता येत नाही. संकटसमयी ११२ हा क्रमांक फिरविण्यासाठी भारलेला साधा मोबाइल फोन प्रत्येक पथकाने स्वतंत्रपणे जवळ बाळगावा.