बेसिनखालचे खण

सकाळी साडेसात

शटर वर केलं की आधी खिडक्या उघडायच्या. टिंबर मार्केटच्या मागच्या या गल्लीत आठनंतर टेम्पो लागायला लागतात आणि धुरळा आत येतो. रात्रभर कोंडलेला थिनरचा वास त्याआधी बाहेर गेलेला बरा.

आज नारायण पेठेत जायचंय, गिऱ्हाईक काकूंकडे. त्यांचा जुना ड्रेसर, ज्यावर बेसिन बसवून व्हॅनिटी करायची आहे, चादरीखाली उभा आहे. सागवानी, 36 इंच रुंद, 17 इंच खोल, 28 इंच उंच, तीन खणांचा. वरचा आरसा सुटा करून त्याची चौकट भिंतीवर लावण्याजोगी केली आहे. पॉलिश मागच्या आठवड्यातच झालं. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, हाताला काही तासांत कोरडं लागतं, पण पुरतं पक्कं व्हायला आठवडाभर घेतं, आणि त्याआधी बेसिन ठेवलं तर तळाचा गोल कायमचा उमटतो. ‘झालंय, पण अजून नेऊ नका’ हे गिऱ्हाइकाला पटवणं पॉलिश करण्यापेक्षा अवघड.

आठ

मिस्त्री आले. भोकं चहाच्या आधी पाडायची, हा त्यांचा नियम. कारण विचारू नये.

वरच्या फळीवर मास्किंग टेप चिकटवून मी बेसिनच्या मापाचं 14 इंचांचं कागदी वर्तुळ ठेवते. घरोघरच्या जुन्या ड्रेसरांची खोडी इथे कळते: खोली कमी. 17 इंचांत एवढं बेसिन मधोमध बसवलं की मागे नळाला जागाच उरत नाही. म्हणून नळ मागच्या उजव्या कोपऱ्याकडे सरकवायचा आणि तिरका वळवायचा. मिस्त्री नळ हातात धरून उभे राहतात, मी समोरून बघते. धार मध्याच्या जवळपास पडली पाहिजे. उतरत्या कडेवर पडली तर पाणी उडतं ते थेट लाकडावर.

वेस्टसाठी 45 मिलिमीटरचं भोक, नळासाठी 35. होल सॉ एका दमात आरपार न्यायचा नाही. मधल्या बारीक ड्रिलचं टोक खाली दिसलं की फळीच्या खालून उरलेलं कापायचं, म्हणजे ढलपी उडत नाही. मिस्त्री चकती बाहेर काढून नाकाशी धरतात. वरून इतकं जुनं, मळलेलं लाकूड, पण आत भुसा सोनेरी आणि तेलकट, दोन बोटांत चोळला की चिकटतो. मलाही चकती दिली. मला मात्र सागाच्या भुशाने शिंका येतात, त्यामुळे कौतुक लांबूनच.

आता खरं काम. लाकूड पाणी पितं ते कापलेल्या तोंडांतून. वरची पाठ कितीही चकचकीत करा, भोकाची कड उघडी राहिली तर नळाच्या बुंध्याशी झिरपणारा थेंब तिथूनच आत शिरणार. कड थिनरच्या फडक्याने पुसायची, कारण सागाच्या तेलावर कोटिंग नीट धरत नाही. मग ब्रशने पीयू सीलर. तास-सव्वा तासाने दुसरा हात. बेसिनखाली झाकली जाणारी जागा म्हणून पॉलिशवाले ती सोडून देतात. मी ती आधी बघते.

सव्वानऊ

सीलर वाळेपर्यंत चहा आणि गिऱ्हाइकं.

एका बाईंनी फोनवर फोटो दाखवला. पांढरा, सुबक ड्रेसर, ‘याची व्हॅनिटी होईल ना?’ मी खणाच्या आतल्या कडेचा फोटो मागवला. आला तो पार्टिकल बोर्ड. नाही म्हणून सांगितलं. बोर्डाला एकदा पाणी लागलं की तो फुगतो आणि फुगलेला पुन्हा बसत नाही. त्या थोड्या हिरमुसल्या, पण कपड्यांसाठी तो ड्रेसर अजून दहा वर्षं चालेल, बेसिनखाली कदाचित दोन पावसाळे.

दुसरा ड्रेसर टेम्पोतूनच उतरला. हा सागाचाच, पण खणांच्या मागच्या फळ्या पांढुरक्या. सागाचं काळसर गाभ्याचं लाकूड किडीला सहसा दाद देत नाही. बाहेरचा पांढरा भाग मात्र तिला चालतो. टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली. भुकटी ताजी म्हणजे भुंगा अजून आत आहे. आधी औषध, मग पुढचं.

पॉलिश कोणतं ते बघायला कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पायाच्या आतल्या बाजूला मिनिटभर दाबला. बोळा तपकिरी आणि चिकट झाला. चपडी. म्हणजे जुनं फ्रेंच पॉलिश. दिसायला याच्या तोडीचं दुसरं पॉलिश नाही, हे माझं ठाम मत आहे. पण ओला पेला ठेवला तरी चपडीवर पांढरं कडं उठतं आणि साबणाचं पाणी तिला सोलून काढतं. बेसिनसाठी ती उतरवावीच लागते. त्या गृहस्थांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ड्रेसरवरून असा हात फिरवला की मी विषयच बदलला.

साडेअकरा

टेम्पो. खण वेगळे, सांगाडा वेगळा, मध्ये गोधड्या. लक्ष्मी रोडवरून नेऊ नका, असं ड्रायव्हरला बजावलं. त्याने लक्ष्मी रोडवरूनच नेला.

बारा

काकूंचा फ्लॅट वाड्याच्या जागी झालेल्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये ड्रेसर उभा मावतो, हे त्यांनी आधीच टेप लावून बघितलं होतं. असं गिऱ्हाईक दुर्मीळ.

त्यांना ड्रेसर बाथरूममध्ये हवा होता. परदेशातल्या सुनेकडे तसा पाहिलेला. पण तिकडची न्हाणी कोरडी असते, आंघोळ काचेच्या आड होते. आपण बादली-तांब्याने आंघोळ करतो, मग खराट्याने फरशी धुतो, ड्रेसरचे पाय रोज अर्धा तास पाण्यात. त्यावर गिझरची वाफ. पीयूच काय, कुठलंच कोटिंग हे निमूट सोसत नाही. आमची यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी जागा ठरली ती बाथरूमबाहेरच्या पॅसेजमधली, जिथे जेवून उठलेला प्रत्येक जण हात धुतो. आपल्याकडे जुन्या ड्रेसरला शोभणारी जागा हीच, असं मला वाटतं. पाहुण्यांना दिसतो आणि पायांशी पाणी साचत नाही.

तरीही पायांखाली ग्रॅनाइटचे अर्ध्या इंचाचे तुकडे. फरशी पुसताना फडकं लागतं ते दगडाला. पाणसळ लावली, एका पायाला पातळ चकती सरकवली, मागे भिंतीपासून बोटभर फट ठेवून दोन स्टीलच्या क्लॅम्पने सांगाडा भिंतीला धरला. स्क्रू सगळे स्टेनलेस. लोखंडी स्क्रू ओलाव्यात गंजतात आणि भोवतीचं लाकूड काळं करतात. फटीतून वारा खेळतो. मागची प्लाय मधून काढून टाकलेलीच आहे.

मागच्या पायांवर वीतभर उंचीला एक काळपट पट्टा आहे, चपडी उतरवल्यावर निघालेला. काकूंच्या मते तो पानशेतच्या पुराचा. ‘सासूबाईंचा ड्रेसर माडीवर होता, म्हणून पायांवरच निभावलं.’ 12 जुलै 1961 ला धरण फुटलं तेव्हा या पेठांत पाणी किती चढलं हे त्यांनी ऐकलेलं आहे, मीही ऐकलेलं आहे. पण पुण्यात जुन्या सामानावरचा प्रत्येक डाग पानशेतचाच असतो. वर्षानुवर्षांच्या ओल्या फडक्याचाही असू शकेल. पट्टा घासायचा नाही, एवढं ठरलं होतं.

एक

प्लंबर आला, पिशवी उघडली, वेस्ट कपलिंग हातात घेतलं आणि मी म्हटलं, ‘हे हाफ थ्रेड आहे.’

‘चालतं ताई.’

चालत नाही. हाफ थ्रेडच्या अंगाला खाचा असतात, ओव्हरफ्लोचं पाणी आत यावं म्हणून. आमच्या बेसिनला ओव्हरफ्लोचं भोकच नाही. म्हणजे नळीत उतरलेलं पाणी त्या खाचांतून उलटं बाहेर, चिनी मातीच्या आणि लाकडाच्या मध्ये, जिथे कोणालाच दिसणार नाही. फुल थ्रेड हवं, तेही लांब. कारण बेसिनचा तळ आणि त्याखालची इंचभर जाडीची फळी ओलांडून खाली नट बसायचा असतो.

कोपऱ्यावरचं हार्डवेअरचं दुकान एक ते चार बंद. अर्थातच.

मधल्या वेळात

काकूंनी पिठलं-भात वाढला. मग खण.

वरचा खण गेला. तिथून कपलिंग आणि नळाच्या नळ्या उतरतात. त्याचा दर्शनी भाग तेवढा कापून सांगाड्याला आतून पक्का केला, मूठ जागेवर. तिसरा खण पूर्ण शाबूत. प्रश्न मधल्याचा. भिंतीतला सांडपाण्याचा पाइप जमिनीपासून 19 इंचांवर, आणि बॉटल ट्रॅपचं पोट त्याच्याही खाली लोंबतं, ते बरोबर मधल्या खणात येतं. हा खण वर्कशॉपमध्ये कापून आणता येत नाही. ट्रॅप नेमका कुठे येणार हे इथे, या भिंतीपुढेच कळतं.

प्लंबरने ट्रॅप नुसता धरला. मी खण ढकलत नेला, जिथे अडला तिथे पेन्सिल. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जास्त सोडली, कारण पुढेमागे कोणीतरी ट्रॅपची वाटी उघडून कचरा काढणार आणि त्याचा हात आत जायला हवा. मिस्त्रींनी मागच्या फळीतून आत येणारी इंग्रजी यू अक्षराची खाच कापली. मागची फळी तुटली म्हणजे खण ढिला होणार. म्हणून खाचेभोवती तळावर सागाच्या पट्ट्या उभ्या केल्या, छोट्या कठड्यासारख्या. खण पुन्हा ताठ झाला आणि आतलं सामान पाइपकडे घरंगळणार नाही. पुढच्या कोपऱ्यांतले हाताने कापलेले डव्हटेल जोड मिस्त्रींनी अंगठ्याने चाचपले. प्रत्येक दात वेगळ्या रुंदीचा. ‘घाईत नव्हता तो माणूस,’ एवढंच म्हणाले. कडांना सीलर लावला आणि खण खिडकीत उभा केला.

सव्वाचार

कपलिंग आलं. आता व्हाइट सिमेंट. प्लंबरने ते भिजवायला घेतलंही होतं.

‘व्हाइट सिमेंटच लावा ताई. वीस वर्षं हलणार नाही.’

‘लाकूड हलणार आहे ना पण.’

पावसाळ्यात फळी फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. फार नाही, पण सिमेंटला बारीक भेग पडायला तेवढं पुरतं आणि भेग पडली की पाणी खाली उतरतं. सिलिकॉन फळीबरोबर ताणलं जातं. बेसिनच्या बुडाशी त्याचं अखंड कडं घालायचं, वरून बेसिन दाबायचं, बाहेर आलेलं साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने पुसायचं. नळाच्या बुंध्यालाही तेच. प्लंबर गप्प राहिला, पण सिमेंटची पिशवी त्याने नजरेसमोरच ठेवली.

अँगल कॉक, जोडनळ्या, ट्रॅप. बेसिनचा काठ जमिनीपासून 33 इंचांवर आला. काकू बुटक्या, त्यांनी उभं राहून कोरडेच हात धुऊन दाखवले, कोपर वर उचलावा लागला नाही. याच हिशेबाने साडेचार इंच उंचीचं बेसिन घ्यायला लावलं होतं. दुकानात सहा इंचांचं जास्त देखणं होतं.

साडेसहा

सिलिकॉनवर आजची रात्र पाणी पडू द्यायचं नाही, म्हणून फळी कोरडी ठेवून फक्त आतल्या जोडांची परीक्षा. बेसिनमध्ये मगाने अलगद पाणी ओतून ते काठाखाली दोन बोटांपर्यंत भरलं आणि झाकण एकदम उघडलं. थेंब-थेंब सोडलेलं पाणी खोटं बोलतं. सगळा लोंढा एकदम गेला तरच जोड कळतो. खाली बसून प्रत्येक नटाभोवती कोरडा टिश्यू फिरवला. ट्रॅपच्या वरच्या नटाशी कागदाला एक टिंब. प्लंबरने अर्धा आटा आवळला. पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं. टिंब नाही. तिसऱ्यांदा त्यानेच न सांगता भरलं.

आरसा टांगला. मधला खण आत गेला, ट्रॅपला न घासता.

सात

काकूंना सूचना. उद्या दुपारपर्यंत नळ सुरू करू नका. फळीवर पाणी सांडलं तर पुसा, अ‍ॅसिड आणि तारेची घासणी लांब ठेवा. आणि तिसरा खण महिनाभर रिकामा ठेवा, तळाशी वर्तमानपत्र अंथरून. कुठे गळत असेल तर कागदावर आधी दिसेल.

‘बरं,’ म्हणून त्यांनी वरच्या खणाची मूठ ओढली. तो येत नाही, हे दोनदा सांगून झालं होतं. मग तिसरा उघडला. मी सामान आवरत असताना त्यात इस्त्रीचे नॅपकिन आणि साबणाच्या चार वड्या जाऊन बसल्या होत्या.

‘वर्तमानपत्र खाली घातलंय गं,’ त्या म्हणाल्या. ‘आजचंच आहे, अजून वाचलं नाहीये. तेवढं उद्या बदलीन.’

मिस्त्री पुढे होऊन टेम्पो बघायला गेले.