दादरला उतरणाऱ्याचा नकाशा कोण काढणार?

डिसेंबर जवळ आला की नांदेड आणि लातूरच्या वस्त्यावस्त्यांतून एकच तयारी सुरू होते. पांढरी वस्त्रे धुऊन घडी घातली जातात, भाकरी-चटणीची गाठोडी बांधली जातात आणि वर्षभर पैशाला पैसा जोडून ठेवलेली माणसे रेल्वे स्टेशनची वाट धरतात. ६ डिसेंबर १९५६ रोजी महामानवाचे महापरिनिर्वाण झाले. तेव्हापासून आजपर्यंत ही रीघ थांबलेली नाही. कोणी आमंत्रण देत नाही, कोणी भाडे देत नाही. माणसे येतात ती केवळ बाबासाहेबांच्या ऋणाच्या जाणिवेने.

नांदेडहून निघालेला माणूस मनमाड, नाशिक करीत कसाऱ्याचा घाट उतरतो. लातूरहून निघालेला कुर्डुवाडी, पुणे करीत कर्जतकडून येतो. दोघांचे मार्ग कल्याणला एक होतात आणि तिथून दादर. सांगायला हे किती सोपे आहे! परंतु आम्ही गेली अनेक वर्षे ५ आणि ६ डिसेंबरला दादरच्या पुलावर स्वयंसेवक म्हणून उभे राहतो. जे वाक्य आम्ही इथे एका ओळीत लिहिले, तेवढेसुद्धा प्रवाशाला समजेल अशा चित्रात हाती देणारे कोणी नसते, हा आमचा अनुभव आहे.

एका वर्षीची गोष्ट. नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या आजी, वय सत्तरीच्या पुढे, कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर उतरल्या. सोबतची मंडळी गर्दीत पांगली. कोणीतरी हात दाखवला म्हणून आजी टिळकनगर स्टेशनात गेल्या आणि समोर आलेल्या लोकलमध्ये बसल्या. ती गाडी हार्बर मार्गाची. हार्बरची गाडी कुर्ल्यावरून चुनाभट्टी, वडाळा, शिवडी करीत थेट सीएसएमटीला जाते. ती दादरला जातच नाही. कुर्ल्याला उतरून मुख्य मार्गाची गाडी धरायची असते, हे आजींना कोण सांगणार? प्रत्येक स्टेशनला त्या विचारत राहिल्या, "दादा, दादर आलं का?" शेवटी एका मुलाने सांगितले, "आजी, ही गाडी दादरला जात नाही." दिवस मावळताना त्या आम्हाला भेटल्या. डोळ्यांत पाणी होते. आम्ही म्हणालो, "आजी, चुकलात का?" त्या म्हणाल्या, "मी नाही चुकले बाबा, गाडी चुकली."

आजींचे म्हणणे आम्हाला वकिलीच्या कोणत्याही युक्तिवादापेक्षा अधिक पटले. रस्ता दाखवण्याची जबाबदारी कोणी घ्यायची नाही आणि चुकलेल्याला मात्र अडाणी ठरवायचे, ही या देशाची जुनी रीत आहे.

मुंबईची रेल्वे म्हणजे काय, हे एकदा नीट पाहू. चर्चगेटहून विरार-डहाणूकडे जाणारी पश्चिम रेल्वे. सीएसएमटीहून कल्याण आणि पुढे कसारा व कर्जत-खोपोलीकडे फुटणारी मध्य रेल्वे. वडाळ्यावरून पनवेल आणि गोरेगावकडे जाणारी हार्बर. ठाण्याहून वाशी-पनवेलला जाणारी ट्रान्सहार्बर. २०२४ पासून उरणपर्यंत पोचलेला मार्ग. त्यात २०१४ पासून मेट्रोची भर पडत गेली. २०२५ साली भुयारी मेट्रो दादर पश्चिमेच्या पोटातूनही धावू लागली. रेल्वे आणि मेट्रोचा कारभार वेगळा, तिकीट खिडकी वेगळी आणि बहुतेक वेळा नकाशाही वेगळा. जातिव्यवस्थेतल्या पंगतींप्रमाणे प्रत्येकजण फक्त आपल्यापुरती रेघ काढतो. प्रवासी मात्र एकच असतो. त्याला एका पंगतीतून उठून दुसरीत जायचे असते आणि नेमकी ती जोडजागाच कोणी ठळक दाखवत नाही.

दादरचेच उदाहरण घ्या. तिथे मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे अशी दोन स्थानके एकमेकांना चिकटून आहेत. २०२३ पर्यंत दोन्हीकडे फलाटांचे क्रमांक एकपासूनच सुरू होत. म्हणजे एकाच दादरला दोन 'एक नंबर'! फोनवर एक कार्यकर्ता म्हणे, "आम्ही एक नंबरवर उभे आहोत," दुसरा म्हणे, "आम्हीही एक नंबरवरच." दोघेही खरे बोलत आणि दोघांची भेट होत नसे. अखेर ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेच्या बाजूच्या फलाटांना ८ ते १४ असे क्रमांक मिळाले. पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले. किती साधा उपाय! रूळ हलवावा लागला नाही, पूल बांधावा लागला नाही. फक्त पाट्या बदलल्या. एवढ्यासाठी इतकी वर्षे का जावी लागली?

दुसरे उदाहरण मध्य रेल्वेच्या लोकल गाड्यांवरच्या अक्षरांचे. 'के' म्हणजे कल्याण. मग कसारा कोणते? तर 'एन'. आणि कर्जत? तर 'एस'. त्याच पाटीवर धिम्या गाडीलाही 'एस' असते. रोजच्या चाकरमान्याला हे पाठ असते. पण आमच्या हदगावच्या, औशाच्या माणसाने ही गुप्त लिपी कुठे शिकायची? ज्ञान मूठभरांच्या तोंडी ठेवायचे आणि बाकीच्यांनी विचारत फिरायचे, हा प्रकार आपल्या समाजाला नवा नाही.

आता थोडे जगाकडे पाहू. १९३१ साली लंडनमध्ये दुसरी गोलमेज परिषद भरली. परमपूज्य बाबासाहेब तिथे अस्पृश्यांच्या हक्कांसाठी एकाकी झुंज देत होते. त्याच वर्षी त्याच शहरात हॅरी बेक नावाच्या एका साध्या नक्षाकाराने भुयारी रेल्वेचा एक आराखडा काढला. विजेच्या जोडण्यांची रेखाटने करणे हे त्याचे काम, आणि नोकरीही कायमची नव्हती. त्याने विचार केला की जमिनीखालून जाणाऱ्या प्रवाशाला वरचे वळण किती आणि अंतर किती याच्याशी कर्तव्य नाही. त्याला तीनच गोष्टी हव्यात. कोणती गाडी, कुठे बदलायची, आणि कितव्या स्टेशनला उतरायचे. म्हणून त्याने सगळ्या रेघा आडव्या, उभ्या किंवा तिरप्या सरळ केल्या, प्रत्येक मार्गाला एक रंग दिला, स्टेशने सारख्या अंतरावर मांडली आणि खूण म्हणून फक्त थेम्स नदी ठेवली. साहेबांनी आधी तो नाकारला. पुढे १९३३ साली तो छापला आणि लोकांनी तो उचलून धरला. आज जगातल्या बहुतेक शहरांचे रेल्वे नकाशे त्याच वळणाचे आहेत.

मेक्सिको शहराने त्याच्याही पुढचे पाऊल टाकले. तिथे १९६९ साली मेट्रो सुरू झाली तेव्हा प्रत्येक स्टेशनला नावाबरोबर एक चित्र दिले गेले. लान्स वायमन या कलावंताने ती चिन्हे घडवली. ज्याला अक्षर येत नाही त्यानेही चित्र ओळखून उतरावे, हा त्यामागचा विचार. याला म्हणतात लोकशाहीचा नकाशा! आता असे समजा की दादरच्या प्रत्येक पाटीवर, प्रत्येक आराखड्यावर चैत्यभूमीच्या स्तूपाचे छोटे चिन्ह आहे. आमच्या आजींना मग कोणाला विचारावे लागले असते काय? स्तूप दिसेपर्यंत बसून राहायचे, एवढेच त्यांनी लक्षात ठेवले असते.

सरळ रेघांचाही अतिरेक होऊ नये. न्यूयॉर्कने १९७२ साली असाच एक अतिशय देखणा आराखडा काढला. पण त्यात मोठी बाग चौकोनी झाली आणि पाण्याचा रंग पाण्यासारखा राहिला नाही. लोक बुचकळ्यात पडले आणि १९७९ साली तो बदलावा लागला. म्हणून मुंबईच्या आराखड्यात समुद्र पश्चिमेला निळाच दिसला पाहिजे. समुद्राच्या बाजूला उतरले की चैत्यभूमी, ही खूण खेड्यातल्या माणसाला कोणत्याही बाणापेक्षा लवकर कळते.

हे काम आपल्याकडे होऊच शकत नाही असे कोणी म्हणू नये. आयआयटी मुंबईच्या अभिकल्प विभागात प्रा. मंदार राणे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मुंबईच्या रेल्वेजाळ्याचा असा सुटसुटीत आराखडा करून दाखवलेला आहे. म्हणजे बुद्धी आहे, तंत्र आहे. प्रश्न आहे तो इच्छेचा.

इथे कोणी म्हणेल, वकीलसाहेब, समाजापुढे अत्याचाराचे, नोकऱ्यांचे, शिष्यवृत्तीचे प्रश्न असताना तुम्ही नकाशाचे काय घेऊन बसलात? त्यांना आम्ही मसूरच्या स्टेशनची आठवण करून देतो. १९०१ साली बाल भीमराव आपल्या भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले. आगगाडी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. मसूरला उतरले तर न्यायला कोणीच नाही, कारण येत असल्याचे पत्र नोकराच्या हलगर्जीपणाने वडिलांपर्यंत पोचलेच नव्हते. मुले महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. एकही गाडीवान न्यायला तयार होईना. दुप्पट भाडे द्यायचे आणि बैलगाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर प्रवास झाला, आणि रात्रभर पाण्यासाठी तडफडावे लागले. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये नोंदवला आहे. जातीने रस्ता बंद केला हे तर खरेच. पण एक निरोप वेळेवर पोचला असता तर ती मुले त्या स्टेशनवर उघडी पडली नसती, हेही तितकेच खरे. ज्याच्याजवळ पैसा आणि ओळख असते त्याचे माहितीवाचून फारसे अडत नाही. ज्याच्याजवळ काहीच नसते त्याला माहिती हेच एक कवच असते.

कायद्याकडे वळू. रेल्वे कायदा १९८९ दंडाच्या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. विनापरवाना रूळ ओलांडला तर कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड. महिलांच्या डब्यात चुकून चढलेला आमचा बापुडा शेतमजूर कलम १६२ च्या तावडीत सापडतो. परंतु त्याच कायद्याचे कलम ४९ किती जणांना ठाऊक आहे? प्रत्येक स्टेशनवर गाड्यांच्या वेळा आणि भाड्याचा तक्ता ठळक जागी, हिंदी व इंग्रजीबरोबर त्या भागातल्या भाषेतही लावणे रेल्वेवर बंधनकारक आहे. मार्गाचा आराखडा त्यात शब्दाने लिहिलेला नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. पण माहितीचा अधिकार कायदा २००५ चे कलम ४ (४) सांगते की सार्वजनिक माहिती खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागातली सर्वांत परिणामकारक पद्धत ध्यानात घेऊन लोकांपर्यंत पोचवावी. दोन्ही कलमे शेजारी ठेवून वाचा. आराखड्याची मागणी ही याचना उरत नाही, तो हक्क होतो.

तेव्हा कार्यक्रम काय? एक, नांदेड आणि लातूरच्या कार्यकर्त्यांनी मध्य व पश्चिम रेल्वेकडे लेखी मागणी करावी की ६ डिसेंबरपूर्वी कल्याण, ठाणे, कुर्ला, टिळकनगर आणि दादर येथे मोठ्या मराठी अक्षरांचा, मेट्रोसह सर्व मार्गांचा एकच आराखडा लावावा. कुर्ल्याची अदलाबदल आणि जलद गाडी कुठे थांबते ते त्यात ठळक असावे. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज जोडावा. दोन, दादरच्या नावाशेजारी स्तूपाचे चिन्ह असावे. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, कोणाची वाट न पाहता आपण आपला एकपानी आराखडा काढावा. वर कसारा आणि कर्जतच्या दोन रेघा, कल्याणला त्यांची गाठ, खाली ठाणे, कुर्ला, दादर. हार्बरची रेघ वेगळ्या रंगात, तिच्याजवळ स्पष्ट शब्द: 'ही गाडी दादरला जात नाही'. डाव्या हाताला समुद्र आणि स्तूप. मागच्या बाजूला परतीच्या गाड्या आणि स्वयंसेवकांचे क्रमांक. प्रत्येक विहारात वंदनेनंतर पाच मिनिटे तो समजावून सांगावा. शाळेतल्या पोरापोरींना तो पाठ करायला लावावा, म्हणजे तीच पोरे आपल्या आजीची वाटाडी होतील.

लातूरकरांसाठी एक खास सूचना. परतीचे तिकीट काढताना 'लातूर' आणि 'लातूर रोड' ही दोन वेगळी स्टेशने आहेत आणि त्यांच्यात तीसेक किलोमीटरचे अंतर आहे, हे त्या पानावर विसरू नका. नकाशाचा गोंधळ फक्त मुंबईचा नाही, आपल्या दारातही आहे.

'शिका' हा बाबासाहेबांचा पहिला आदेश. शिकलेल्याने न शिकलेल्याला वाट दाखवायची, हा त्याचा अर्थ. येत्या ६ डिसेंबरला दादरच्या पुलावर एखादी आजी हातातला कागद उघडून, बोट ठेवून, कोणालाही न विचारता आपली वाट शोधताना आम्हाला पाहायची आहे.

जय भीम!