आवाज नेमका कुठे तुटतो?
घरचा संगणक : लेखांक ९

गेल्या आठवड्यात कॅसेटमधला आवाज संगणकात कसा उतरवायचा, ते पाहिले. वसईत सामवेदी बोलीतली लग्नगीते घरातल्या आजींच्या आवाजात टेप करून ठेवलेली असतात. ती उतरवताना मध्येच ‘टक्’ होते, एखादा शब्द गळतो. ती गाणारी माणसे आता असतीलच असे नाही, म्हणून हा दोष सोडून देण्यासारखा नाही.

संगणक सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुन्यांच्या रूपात आवाज हाताळतो. हे नमुने गठ्ठ्यागठ्ठ्याने ये-जा करतात. त्या गठ्ठ्याची जागा म्हणजे बफर. ४८,००० च्या वेगाला २५६ नमुन्यांचा बफर सुमारे ५.३ मिलिसेकंदांत संपतो. तेवढ्यात वाय-फायच्या ड्रायव्हरने प्रोसेसरला अडवून धरले, तर पुढचा गठ्ठा उशिरा पोहोचतो आणि आवाजात खाच पडते. प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी हे घडू शकते, कारण इथे प्रश्न ताकदीचा नसून वेळ पाळण्याचा आहे. म्हणून नवे साउंड कार्ड घेण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा.

पहिली परीक्षा फुकट आहे. उतरवलेली फाइल दोनदा ऐका. ‘टक्’ दोन्ही वेळा त्याच शब्दावर आले, तर ते फाइलमध्येच आहे. मग मूळ कॅसेट तिथे ऐकून पाहा. कॅसेट स्वच्छ असेल, तर दोष उतरवण्यात आहे. ‘टक्’ दर वेळी जागा बदलत असेल, तर फाइल शाबूत आहे आणि गडबड वाजवण्यात आहे.

सोसायटीचा पाण्याचा पंप किंवा फ्रिज सुरू होतानाच आवाज येत असेल, तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. पिन फिरवल्यावर खरखर होत असेल, तर दोष जोडणीत आहे. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत पिनांवर गंज चटकन धरतो. संगणक बंद करून पिन काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा आणि पूर्ण सुकू द्या.

हे सारे ठीक असेल, तर संगणकाकडे वळा. वाय-फाय बंद करून ऐका. यूएसबीचे यंत्र हबमधून काढून कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला जोडा. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा. विंडोज आणि रेकॉर्डिंगचा प्रोग्राम, दोन्हीकडे सॅम्पल रेट सारखाच ठेवा. मग बफर वाढवा: १,०२४ नमुन्यांना सुमारे २१ मिलिसेकंदांची सवड मिळते. बफर वाढला की आवाज थोडा उशिरा ऐकू येतो. हेडफोनमध्ये स्वतःला ऐकत गाणाऱ्याला ते खटकते; कॅसेट उतरवताना त्याने काहीच बिघडत नाही. तरीही ‘टक्’ थांबले नाही, तर लेटन्सीमॉन हा प्रोग्राम कोणता ड्रायव्हर वेळ खातो ते दाखवतो. तो ड्रायव्हर संगणक किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून अद्ययावत करा.

एका वेळी एकच बदल करा, ऐका आणि वहीत टिपा. चार बदल एकदम केले, तर आवाज सुधारला तरी कशाने ते कळणार नाही, आणि दोष परतला की शोध पहिल्यापासून सुरू करावा लागेल. आणि फाइल निर्दोष आहे याची खात्री होईपर्यंत मूळ कॅसेट टाकू नका, तिच्यावर दुसरे काही टेपही करू नका.

पुढच्या आठवड्यात : उतरवलेल्या फाइलींना नावे कशी द्यावीत आणि त्यांच्या प्रती कुठे ठेवाव्यात.