एकच रसायन, निरोप वेगळा

‘डोपामिन म्हणजे आनंद, सेरोटोनिन म्हणजे समाधान’ ही वाटणी आता घरोघरी पाठ झाली आहे, आणि ती चुकीची आहे. चेतापेशीतून सुटणाऱ्या रसायनात आनंद नसतो की दुःख नसते. पलीकडच्या पेशीवर ते झेलणारे कोणते ग्राही (रिसेप्टर) आहेत, यावर त्याचा परिणाम ठरतो. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरी ऑटो लोवी यांनी बेडकाची दोन धडधडती हृदये घेतली. एकाच्या व्हेगस चेतेला विजेचे झटके देताच ते मंदावले. त्यातले क्षारपाणी दुसऱ्यात घातले, तर चेता काढून टाकलेली असूनही तेही मंदावले. निरोप पाण्यात उतरला होता! १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातला तो पदार्थ पुढे ॲसिटिलकोलिन ठरला. हृदयाला सबुरीने घ्यायला लावणारे हेच रसायन दंडाच्या स्नायूला मात्र आकुंचन पावायला लावते, कारण दोन्हीकडचे ग्राही निराळे.

याचा पुरावा आपल्या शेतातही आहे. २०१७ मध्ये यवतमाळला कापसावर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. फवारणीच्या औषधांत ऑर्गनोफॉस्फेट गटातलीही असतात. काम संपलेले ॲसिटिलकोलिन मोडून टाकणाऱ्या विकराला ती निकामी करतात. मग निरोप थांबतच नाही: बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, छाती घरघरते, स्नायू फडफडतात आणि पुढे लुळे पडतात. ॲट्रोपिन दिले की छातीतला स्राव आटतो, पण लुळेपणा तसाच राहतो, कारण ॲट्रोपिन स्नायूंवरचे ग्राही अडवत नाही.

मग लेव्होडोपा या औषधाने पार्किन्सनच्या रुग्णाची हालचाल सुधारते ती कशी, असे कोणी विचारेल. तिथे डोपामिनचीच उणीव असते, म्हणून ते पुरवल्याने गुण येतो, हे खरेच. पण सुधारते ती हालचाल. आणि तेच डोपामिन मेंदूत इतरत्र वाढल्याने काहींना भास होतात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा दाखला तर उलटच बोलतो. पेशींमधल्या फटीतले सेरोटोनिन त्या काही तासांतच वाढवू लागतात, पण मनाला उभारी यायला बहुधा काही आठवडे जातात. नुसते प्रमाण वाढून भागत असते तर गुण त्याच दिवशी दिसला असता. या मधल्या काळात पेशी आणि त्यांचे ग्राही हळूहळू जुळवून घेतात, असे मानले जाते. म्हणूनच दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.