माळ्यावरचा संगणक आणि 'शहाणे' दिवे

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून जुना संगणक खाली येतो. "देऊन टाका भंगारवाल्याला," असं सगळे म्हणतात. त्याच वेळी घरात फोनवर चालणारे स्मार्ट दिवे घ्यायची टूम निघते. भगिनींनो, दोन्ही बेत पुरे करण्याआधी थोडा हिशेब मांडायला हवा.

संगणकाचं दुखणं

संगणक हळू झाला म्हणजे निकामी झाला असं नाही. बरेचदा दोष असतो आतल्या फिरत्या हार्ड डिस्कचा. तिच्या जागी एसएसडी बसवली, रॅम ४ जीबीची ८ केली आणि पंख्यातली धूळ काढली, की तोच संगणक मुलांच्या अभ्यासाला, हिशेबाला छान चालतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबली, आणि विंडोज ११ पुष्कळ जुन्या यंत्रांवर चालत नाही. त्यावर लिनक्स मिंट हा फुकट मिळणारा उपाय आहे. यजमानांचं ऑफिसचं एखादं सॉफ्टवेअर त्यावर चालेल की नाही, हे मात्र आधी पाहून घ्या.

द्यायचाच झाला तर आधी फोटो नि कागदपत्रं काढून घ्या. नुसतं 'डिलीट' केल्यानं माहिती पुसली जात नाही, डिस्क नीट पुसून घ्या. आणि भंगारात न देता अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. आतल्या शिशासारख्या धातूंचं विष माती-पाण्यात उतरतं.

दिव्यांची कटकट

स्मार्ट बल्बला भिंतीवरचं बटण सदैव चालू लागतं. कामवाल्या बाईंनी किंवा सासूबाईंनी सवयीनं ते बंद केलं, की फोन कितीही दाबा, दिवा लागायचा नाही! वीज जाऊन आली, की काही बल्ब मध्यरात्रीच लख्ख पेटतात.

शिवाय पुष्कळ दिवे कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर अवलंबून असतात. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले आणि गिऱ्हाइकांचे दिवे फोनवरून चालेनासे झाले.

विजेचं म्हणाल, तर असा बल्ब विझलेला असतानाही साधारण अर्धा वॅट खातो. दिवसाचे १२ वॅट-तास झाले. तेवढ्यात ९ वॅटचा साधा एलईडी सव्वा तासाहून जास्त जळतो. म्हणजे तासभरच लागणाऱ्या माजघरातल्या दिव्याला हा थाट महागच!

दोघांची सांगड

'होम असिस्टंट' हे मोफत सॉफ्टवेअर जुन्या संगणकावर घातलं, तर बरेचसे दिवे कंपनीच्या सर्व्हरवाचून घरातल्या घरात चालतात. पण ५० वॅट खाणारा डेस्कटॉप रात्रंदिवस चालला, तर महिन्याला ३६ युनिट होतात. दिव्यांची बचत त्यापुढं कसली टिकते? त्यापेक्षा जुना लॅपटॉप बरा, तो पुष्कळ कमी वीज घेतो.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला किंवा गुडघेदुखीनं उठवत नाही अशा आजींना असा एखादा दिवा खरोखर सोयीचा. त्यांच्या खोलीत जरूर लावा. जिन्यात मात्र दुहेरी बटण आणि न्हाणीघराच्या वाटेवर चाहूल लागताच पेटणारा साधा दिवा पुरतो. उरलेल्या पैशांत संगणकाची एसएसडी येईल, आणि मुलांचा अभ्यासही होईल.