सजीव जोडा

ओजिब्वे भाषेतल्या नामांना पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं. तिथे नाम एक तर सजीव, नाहीतर निर्जीव. पायातला चामडी जोडा निर्जीव. सरोवरातली होडी, तीही निर्जीव. पण बर्फावर चालताना पायाखाली बांधायचा जाळीदार स्नोशू, त्यांचा 'आगिम', तो मात्र सजीव! आणि ज्या बर्फावरून तो चालतो, तो बर्फही सजीव. हे कळल्यापासून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या आगिमांची छायाचित्रं मी फार वेळ बघत बसतो.

ओजिब्वे हे सुपीरियर सरोवराभोवतीचे लोक. आजच्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगनमध्ये आणि पलीकडे कॅनडातल्या ओन्टारिओत त्यांची गावं आहेत. तिथल्या भुसभुशीत बर्फात नुसत्या पायांनी उतरलेला माणूस मांडीपर्यंत रुततो. शिकार तर त्याच दिवसांत करायची.

हिशेब करून पाहा. साठ किलोचा माणूस पाऊल उचलतो तेव्हा त्याचा सगळा भार एका तळव्यावर, म्हणजे साधारण 200 चौरस सेंटिमीटरवर येतो. दीड मीटर लांब, मध्ये 25 सेंटिमीटर रुंद आणि दोन्हीकडे निमुळता आगिम बांधला, की तोच भार सुमारे 2500 चौरस सेंटिमीटरवर पसरतो. दाब बारा पटींनी कमी! तोही भोकाभोकांच्या जाळीवर. पाय टेकला की जाळीखालचा बर्फ दबून घट्ट होतो आणि माणसाला झेलतो. पाय उचलला की वर साचलेला बर्फ त्याच भोकांतून गळून पडतो. फळी बांधली असती तर दर पावलाला बर्फाचं ओझं उचलावं लागलं असतं.

ओजिब्वे आगिम लांबूनही ओळखू येतो. इतर अनेक जमाती एकच लांब काठी पुढून वळवून मागे जुळवतात. ओजिब्वे दोन काठ्या घेतात आणि पुढे-मागे दोन्ही टोकांना जुळवतात. त्यामुळे लाकडाला तीव्र वळण द्यावं लागत नाही. पुढचं टोक होडीच्या नाळेसारखं वर उचललेलं असतं, झुडपांतून आणि बर्फाच्या पापुद्र्यातून वाट काढणारं. मागची शेपटी जड असते, म्हणून पाऊल उचलताच ती खाली झुकते आणि चोच आपोआप वर येते. बोटांखाली एक मोकळी जागा ठेवलेली असते. टाच उचलली की बोटं तिच्यातून खाली बुडतात, म्हणून माणूस फरफटत न जाता चालतो.

लाकूड बहुधा ॲश नावाच्या झाडाचं. करवतलं तर तंतू तुटतात, म्हणून ते उभं चिरायचं आणि ओलं-गरम करून वाकवायचं. हे काम बहुतेक पुरुषांचं. जाळी विणायच्या बायका, आणि मला विचाराल तर खरं कौशल्य तिथेच आहे. हरणाच्या किंवा मूसच्या न कमावलेल्या कातड्याची एकच लांब वादी कापायची, ती ओलीच ठेवायची आणि मध्यभागी नेढं असलेल्या हाडाच्या सुईने षट्कोनी घरं विणत जायचं. बाजेची वीण पाहिलेल्याला ही कारागिरी ओळखीची वाटेल. सुकताना वादी आक्रसते आणि जाळी ताठ होते. शिवाय कडेला लाल लोकरीचे गोंडे. त्यांच्यावाचून चालणं अडत नाही, तरी ते लावलेले असतात.

चित्रकार जॉर्ज कॅटलिनने 1830च्या दशकात ओजिब्वेंचं स्नोशू-नृत्य रंगवलं: पहिला बर्फ पडल्यावर आगिम घालून केलेला, आभार मानणारा नाच. हिवाळा सरताना मात्र बर्फ दिवसा वितळतो, रात्री धारदार होतो, आणि भिजून सैल पडलेल्या वाद्या तुटतात. काही ओजिब्वे गावांत त्या सुमाराच्या महिन्याचं नावच 'मोडक्या आगिमांचा चंद्र' असं आहे.

आणि ॲशच्या झाडाला ओजिब्वेत म्हणतात 'आगिमाक', आगिमचं लाकूड. पूर्व आशियातून आलेला एक हिरवा, चमकदार भुंगा 2002 साली मिशिगनमध्ये सापडला. त्याच्या अळ्या सालीखाली पोखरत जातात आणि ॲशचं उभं झाड काही वर्षांत वाळतं. तेव्हापासून उत्तर अमेरिकेत अशी कोट्यवधी झाडं मेली आहेत.